पारूबाईंचं ‘लक्ष : शून्य’

स्क्रीनवर पारूबाईंच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘लक्ष : शून्य’ असं आलं होतं. त्याच क्षणी पारूबाईंनी समोरच्या फिरत्या पट्ट्यावरून एक तडकलेलं डाळिंब उचलून बाजूला टाकलं. ते कुणी बघितलंच नाही. सगळे स्क्रीनकडे बघत होते.

मी बारामतीच्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं ईईजी काढते. म्हणजे पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचा. इंदापूरजवळच्या, डाळिंबं निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये खरं तर माझं काही काम नव्हतं. पण मालक धनाजीराव आमच्या डॉक्टरांच्या ओळखीचे. फोनवर म्हणाले, “म्याडम, रिपोर्टवर तुमची फक्त सही पायजे.” फक्त सही! असं म्हणणाऱ्यानं आधीच काहीतरी घोळ घालून ठेवलेला असतो.

घोळ असा, की खराब फळांपायी त्यांचा एक कंटेनर परत आला होता. अशा वेळी माणूस फळं निवडणाऱ्या बायकांशी बोलतो. यांनी पुण्याहून मशीन आणलं. कपाळावरून टाळूपर्यंत जाणारा एक हेडबँड, तो मेंदू वाचणार. एक गॉगल, तो नजर कुठं कुठं थांबते त्याचे ठिपके दाखवणार. दोन्ही मिळून मार्क. सगळ्यांत कमी मार्क पारूबाईंना, सगळ्यांत जास्त सुपरवायझरला. सुपरवायझर कोण, तर मालकांचा पुतण्या.

“नजर फिरतच नाही त्यांची,” मशीन विकणारा साहेब म्हणाला. “ब्रेनही आयडल आहे.”

“उद्यापासनं फळांचे रिकामे कॅरेट धुवायला घालतो तिला,” धनाजीराव म्हणाले.

पारूबाई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. “म्याडम, पंधरा वर्सं ह्या पट्ट्यावर उभी हाय मी. माजं ध्यान न्हाय म्हनत्यात. तुमी तरी सांगा, माज्या डोक्यात कायच न्हाय व्हय?”

मी त्यांचा हेडबँड काढला आणि माझी बोटं बघितली. तेलानं माखलेली. चपचपीत खोबरेल, वर घट्ट अंबाडा. मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे ईईजीच्या पेशंटला पहिलं वाक्य हेच असतं, केस धुऊन या, तेल लावू नका. तेल असलं की मेंदूतली वीज टिपणारं बटण कातडीला धड टेकत नाही. मग मेंदूऐवजी पंख्याची नि ट्यूबलाइटची गुरगुर येते. सॉफ्टवेअरनं ती कचरा म्हणून गाळली, मागं काही उरलं नाही, आणि त्या काही नसण्याला या दिवट्यांनी ‘लक्ष नाही’ असं नाव दिलं. पुतण्याचे केस अगदी बारीक कापलेले, तेलाचा थेंब नाही. त्याला मार्क मिळणारच.

“आणि नजर?” साहेब हट्टाला पेटला होता.

“नवखा माणूस एकेक फळ बघत बसतो,” मी म्हटलं. “मुरलेल्या माणसाची नजर एका जागी थांबून आजूबाजूची चार फळं बघते. ठिपके कमी पडतात ते त्यामुळं. मालकांच्या पुतण्याची नजर भिरभिरतेय, ती खराब फळ सापडत नाही म्हणून.”

पुतण्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरं झालं.

मग मी धनाजीरावांकडूनच वीस डागी फळं निवडून घेतली, बुडाला पेनची खूण केली आणि चांगल्या मालात मिसळली. पट्टा दोनदा फिरवला, दोघांसाठी एकेकदा. पुतण्यानं अकरा काढली. पारूबाईंनी एकोणीस, तीही शेजारणीशी सुनेबद्दल बोलत बोलत. साहेब लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

मी सही केली नाही. पारूबाई पट्ट्यावर राहिल्या, आणि मला वाटलं, झालं. पण एवढा खर्च करून आणलेलं मशीन चुकलं असं कबूल कसं करायचं? आठवड्यानं गेटवर नोटीस लागली. कामगारांनी केसांना तेल लावून येऊ नये, शॅम्पू करून यावे. म्हणजे माझंच ज्ञान यांनी बायकांच्या डोक्यावर मारलं! पारूबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

नोटीस त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली होती. “माज्या डोक्याला काय लावायचं ते मी ठरवीन,” एवढं म्हणाल्या आणि हायवेपलीकडच्या दुसऱ्या पॅकहाऊसला लागल्या. त्यांच्या मागनं पाच जणी गेल्या.

महिन्यानं धनाजीरावांचा फोन आला.

“म्याडम, आता सगळ्यांचे मार्क नव्वदच्या वर हायत. तरी माल परत आला. मशीन बिघडलं का काय?”

“मशीन ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “फळं ओळखणारी माणसं तुम्ही घालवलीत.”

मग म्हणाले, “पारूबाईचा नंबर हाय का तुमच्याकडं?”

होता. दिला नाही. कुणाचं लक्ष कुठं आहे ते मोजायची हौस असेल, तर मालकानं पहिला हेडबँड स्वतःला लावून घ्यावा.