टेलरमास्तर आणि मान डोलावणारा इग्वाना

टेलरमास्तरांचा स्वभाव असा, की कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या छातीचं माप त्यांच्या डोक्यात तयार असे. टेप लावायची ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

म्हणून मेव्हण्याची बदली झाली आणि त्यानं आपला पाळलेला इग्वाना, म्हणजे तो परदेशी हिरवा थोरला सरडा, काचेच्या पेटीसकट त्यांच्या गळ्यात मारला, तेव्हा हा प्राणी खातो काय, एवढंही मास्तरांनी विचारलं नाही. मेव्हणा आपणहून सांगायला लागला, "दाजी, पेटीतला तो दिवा आहे ना..."

"तू गाडी पकड," मास्तर म्हणाले. "आम्ही काय कधी प्राणी पाहिले नाहीत?"

पाहिले होते. एक मांजर आणि सासऱ्यांचा कुत्रा.

पहिल्या दिवशी मास्तरांनी माप घेतलं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत बेचाळीस इंच, त्यात शेपूटच अठ्ठावीस. हात लावला तर अंग गारढोण.

"अगं, हा गारठलाय!" ते बायकोला म्हणाले आणि कामाला लागले. जुना स्वेटर कापून दोन दिवसांत त्यांनी लोकरीचं जाकीट शिवलं. चार बाह्या, पाठीवरच्या काट्यांसाठी मधोमध फट, पोटाखाली बटणं. पेटीतला दिवा मात्र काढून शिलाई मशीनवर लावला. त्या उजेडात सुई झकास ओवली जाई. मास्तरांना दिवसभर घाम फुटायचा ती गोष्ट वेगळी.

खायला दूध-बिस्कीट. इग्वाना त्याकडे ढुंकूनही पाहीना. "एकटा पडलाय बिचारा," मास्तर म्हणाले आणि ट्रायल रूममधला जुना आरसा त्यांनी पेटीसमोर टेकवला. इग्वानानं आरशात पाहिलं आणि जोरजोरात मान वरखाली हलवली.

"बघ! हो म्हणतोय!"

झालं. तेव्हापासून मास्तर त्यालाच विचारायला लागले. "बिस्कीट चांगलंय ना?" मान हले. "जाकीट ठीक बसलंय?" मान हले. गिऱ्हाइकं कॉलर किती रुंद ठेवायची ते त्याच्याकडून ठरवून घेऊ लागली.

बायको म्हणाली, "तीस वर्षांत मी एवढं हो म्हटलं नाही, म्हणूनच त्याचं कौतुक."

तिसऱ्या आठवड्यात मान हलायची थांबली. हिरवा रंग पाटीसारखा काळवंडला, डोळे मिटलेलेच. मास्तरांनी आणखी जाड जाकीट शिवायला घेतलं, तेव्हा बायकोनं त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. "अहो, शिवण पुरे. डॉक्टरांकडे चला."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एकेक बटण काढलं. "हे कुणी शिवलं?"

"मी."

"हात सुबक आहे तुमचा." मास्तर फुलले. "पण याच्या अंगात ऊब तयारच होत नाही, मास्तर. लोकर काय धरून ठेवणार? ऊब बाहेरून द्यावी लागते. दिवा कुठाय?"

मास्तर छताकडे पाहू लागले. "मशीनवर," बायको म्हणाली. "ह्यांना सुई ओवायला."

"आणि खायला?"

"दूध-बिस्कीट."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हा झाडपाला खाणारा प्राणी आहे हो!"

"पण तो हो म्हणाला!" मास्तर कळवळून म्हणाले आणि त्यांनी आरशाची सगळी हकीकत सांगितली.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "आरशात त्याला दुसरा इग्वाना दिसत होता. मान हलवून तो सांगत होता, ही जागा माझी, चालता हो. आरशातल्याला, आणि बहुतेक तुम्हालाही."

मास्तरांचा चेहरा पडला. तीन आठवडे तो बिचारा हाकलत होता आणि आपण त्याला कॉलरी दाखवत बसलो! त्यांनी टेबलावर निपचित पडलेल्या त्या जिवाकडे पाहिलं, घसा खाकरला, खिशातून मापांची वही काढली. "सांगा. दिवा किती उंचीवर? पाला कुठला? दिवसातून किती वेळा?" वहीची चार पानं भरली.

दिवा परत पेटीत गेला, त्याच्या जोडीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दुसराही आला. आरसा ट्रायल रूममध्ये गेला. मास्तर रोज सकाळी कापडाच्या टेबलावर पालेभाजी चिरू लागले. महिन्या-दीड महिन्यात रंग परतला, आणि एके दिवशी पेटी पुसताना मास्तरांच्या मनगटावर शेपटीचा असा फटका बसला, की वळ उठला. मास्तर तो वळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं दाखवत फिरले.

विचारायची सवय मात्र लागली ती लागलीच. एकदा नेहमीचे पोस्टमास्तर नवा शर्ट घालून पाहत होते. कधी नव्हे ते मास्तरांनी विचारलं, "काखेत आवळत नाही ना?"

पोस्टमास्तरांनी हात वर-खाली करून पाहिला. मग भीत भीत म्हणाले, "वीस वर्षं आवळतंय."

मास्तरांनी तो शर्ट उतरवून घेतला आणि मुकाट्यानं उसवायला बसले.