विट्याच्या टाकीतले आठ गोल्डफिश

“त्या मॅडम म्हनल्या, टाकी म्हैनाभर बिनमाशाची ठेवाय लागंल,” सुभेदार आबा म्हणाले. “तुमी काय म्हनता, रफीकभाई?”

मी तेव्हा विट्यात त्यांच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून दोन फुटी टाकीखाली थर्माकोलची शीट सरकवत होतो. शीट नसेल तर स्टँडवरचा एखादा बारीक खडासुद्धा तळाची काच तडकवतो. आबा फौजेतून निवृत्त झालेले. मुलगा कोईमतूरला सोनं गाळण्याच्या धंद्यात. ही टाकी नातीसाठी होती. ईश्वरी, सात वर्षांची. परवा तिचा वाढदिवस होता आणि बाप तेवढ्यासाठी चार दिवस गावी येणार होता.

“कोणत्या मॅडम?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“सांगलीच्या. सूनबाईनं फोनवर त्यांचं व्हिडिओ बघितलं हुतं. पन तुमी जुनं मानूस, म्हनून तुमाला बोलावलं.”

मिरजेत माझं मत्स्यालयाचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. आधी मी खिडक्यांच्या काचा कापायचो, मग टाक्या बनवू लागलो. मिरजेत दवाखाने भरपूर आणि प्रत्येक वेटिंग रूममध्ये एक टाकी. त्यातल्या बहुतेक माझ्या हातच्या. दीड वर्षापूर्वी सांगलीत स्नेहलने दुकान काढलं. वय तिशीच्या आत, झूलॉजीत एमएस्सी. तिच्या टाक्यांत खरी झाडं, नदीतले दगड, मऊ उजेड. माझ्या टाक्यांत प्लास्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारा शिंपला. वर्षभरात माझे दोन दवाखाने तिच्याकडे गेले. ती रोज रील टाकायची आणि मी प्रत्येक रील बघायचो. माझं नाव तिला कळू नये म्हणून बायकोच्या फोनवरून.

आता त्या महिन्याचं सांगतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू जिवाणू वस्तीला येतात आणि ते हा अमोनिया संपवतात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांना बसायला तीन-चार आठवडे लागतात. आम्ही त्याला ‘पाणी मुरणं’ म्हणतो. म्हणजे स्नेहल बरोबर होती. मी स्वतः कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो. पण तेच तिच्या तोंडून आबांपर्यंत पोचलं आणि मला ते ऐकवेना.

“आबा, महिना कशाला?” मी म्हणालो. “मी उद्याच मासे आणतो.”

दाराला टेकून उभी असलेली ईश्वरी पुढे आली. “उद्या? पप्पा यायच्या आधी?”

“आधी.”

ती आईला सांगायला आत पळाली. मला वाटलं, हे गिऱ्हाईक काही सांगलीला जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी आठ गोल्डफिश घेऊन गेलो. गोल्डफिश खातो खूप आणि घाणही खूप करतो. दोन फुटी टाकीत दोन पुष्कळ झाले. पण दोन मासे टाकीत हरवल्यासारखे दिसतात, आठ उठून दिसतात. घाई असलीच तर एक उपाय असतो. चालू टाकीतला जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालायचा, म्हणजे जिवाणू आयतेच मिळतात. तोही मी नेला नाही. आबांनी विचारलं असतं, हे काय, आणि मला सांगावं लागलं असतं की पाणी तयार नाही. मॅडमचं खरं ठरलं असतं.

वाढदिवस झाला. बापाने व्हिडिओ काढले. भावकीतली पोरं आली, प्रत्येकाने चिमूट चिमूट खाणं टाकलं. ईश्वरीने आठही माशांना नावं ठेवली आणि वहीत लिहून काढली. बाप परत कोईमतूरला गेला.

दोन दिवसांनी सकाळी आबांचा फोन आला. “रफीकभाई, दोन गेलं. बाकीचं वर येऊन तोंड हलवाय लागल्यात.”

“निम्मं पाणी बदला. खाणं बंद करा. मी दुपारून येतो.”

“दुपारून? पोरगी शाळंला जाईना झालीय.”

“येतो, आबा.”

दोन-अडीच तासांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“चाचा, मी स्नेहल. सांगलीची. आत्ता विट्यात आहे, सुभेदारांच्या घरी. ईश्वरीच्या आईने बोलावलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“अमोनिया खूप चढलाय. पाणी बदललंय, पण फिल्टर कोराच आहे. माझ्याकडे द्यायला जुना स्पंज नाही. एक होता, पण त्या टाकीतले मासे आजारी आहेत. तुमच्या दुकानातल्या मोठ्या टाकीचा मिळेल का?”

“माझी मोठी टाकी तुम्हाला कशी माहीत?”

“कॉलेजला असताना मिरजेला उतरले की बघायला यायचे. पट्ट्यांचे टायगर बार्ब मासे होते त्यात तेव्हा. वर्षानुवर्षं चालू असलेली टाकी आहे ती. तसा स्पंज या भागात दुसऱ्या कुणाकडे नसेल.”

तिने कुणी चूक केली हे विचारलं नाही. टाकी कुणी लावली हेही काढलं नाही. त्यानेच मी जास्त पेटलो. भांडली असती तर बरं झालं असतं.

“बघतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.

मग मी स्टुलावर बसून राहिलो. समोर मोठी टाकी, तिच्यात तो काळपट स्पंज. डोक्यात एकच हिशोब होता. आता टाकी तिच्या हातात आहे. आता मासे मेले तर तिच्या हातात मेले. मॅडम आल्या, औषधं घातली आणि उरलेले पण गेले, असं विट्यात लोक म्हणतील. मला फक्त उशीर करायचा होता. अर्धा तास मी तसाच बसलो.

शेवटी उठलो. मन साफ झालं म्हणून नाही. आबांचा पुन्हा फोन आला तर काय सांगायचं, ते सुचेना म्हणून.

स्पंज कधी नळाखाली धुवायचा नसतो, जिवाणू मरतात. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून झाकणाच्या बादलीत ठेवला आणि व्हॅन काढली. विट्याला पोचायला दीड तास लागला.

स्नेहल टाकीपुढे फरशीवर बसली होती. हातात टेस्ट किटची बारीक नळी, तिच्यातलं पाणी गर्द हिरवं. ते पिवळं राहायला हवं असतं. टाकीत चार मासे होते. दोन वाटीत झाकून ठेवले होते.

“हे दोन कधी गेले?” मी विचारलं.

“आत्ताच, दहा-पंधरा मिनिटं झाली,” ती म्हणाली.

मी वाटीकडे बघितलं नाही. स्पंज काढून दिला. तिने तो फिल्टरमध्ये बसवला. ईश्वरी वही मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. चार नावांवर तिने रेघ मारली होती. तिने मला विचारलं, “अंकल, मी लय खाऊ घातला म्हणून मेले का?”

स्नेहलने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती सहज बोलू शकली असती. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो, आणि मोठ्याने. तिच्या शिक्षणाचा, रीलचा मला हेवा होताच. त्या क्षणी तिच्या गप्प राहण्याचाही वाटला.

“नाही बाळा,” मी म्हणालो. “तुझी काही चूक नाही. पाणी तयार नव्हतं आणि मासेही जास्त होते. मला दोन्ही माहीत होतं. मी घाई केली.”

आबा खुर्चीवरून ऐकत होते. “कशापायी?”

“तुम्ही यांच्याकडे जाऊ नये म्हणून.”

आबांनी टाकीतल्या चार माशांकडे बघितलं. मग म्हणाले, “फौजेत चूक कबूल केली की निम्मी शिक्षा माफ व्हायची.” जरा थांबून, “निम्मीच.”

ईश्वरीने पुढचं सगळं स्नेहलला विचारलं. खाणं कधी द्यायचं, लाईट किती वेळ लावायचा. मी तिथेच उभा होतो. मला तिने एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला. तीन वाचले. महिन्याभरात टाकीचं पाणी मुरलं. पुढची देखभाल आबांनी स्नेहलला दिली. टाकीचे फोटो तिच्या स्टेटसला येतात, मी बघतो. कधीमधी ती माझ्याकडून जुना स्पंज मागून नेते आणि मी देतो. हेवा गेलेला नाही. त्या अर्ध्या तासाचं मी कुणाला बोललेलो नव्हतो, इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मुलासाठी पहिली टाकी घेणार असाल तर महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या, मग दोन मासे सोडा. आणि दुकानदार जर म्हणाला की उद्याच मासे आणतो, तर आधी त्याला विचारा, जवळपास कुणाचं नवं दुकान निघालंय का.