रिकामं म्हणायच्या आधी

तांबे मॅडम मीटिंगरूमच्या काचेच्या दारावरसुद्धा टकटक करायच्या. आतल्या रिकाम्या खुर्च्या बाहेरून लख्ख दिसत असायच्या, तरी त्या विचारायच्या, "आत कोण हाय का?" मग जरा थांबायच्या आणि आत जायच्या. लोअर परळच्या त्या चकचकीत ऑफिसात नव्यानं लागलेला प्रत्येक जण या प्रकाराला हसायचा. मी हसलो, तेव्हा त्याही हसल्या.

"आमच्या चाळीत कॉमन संडासची कडी तुटकी होती रे. न विचारता दार ओढलंस तर मेलास! आणि विचारलं की गप थांबायचं. आतल्या माणसाला खोकायला तरी टाइम द्यायचा."

परळच्या त्याच चाळीत त्या जन्मल्या, तिथल्याच खोलीत बसून इंजिनियर झाल्या आणि आमच्या कंपनीच्या नेटवर्कप्रमुख झाल्या तरी राहायला तिथेच होत्या, आईजवळ. आम्ही हॉस्पिटलांच्या संगणकांची व्यवस्था बघतो. हे संगणक आपल्याकडे नसतातच. दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेले असतात, आणि त्यांच्याभोवती आपल्यापुरती कुंपणं घालून घ्यावी लागतात. या कुंपणांना प्रायव्हेट क्लाउड नेटवर्क म्हणतात. मॅडम म्हणायच्या, "खोल्या रे, खोल्या. मालक एकच, पण याची भांडी त्याच्या मोरीत जाता कामा नयेत." मी कॉलेजात चार वर्षं जे घोकलं, ते मला या वाक्यात कळलं.

मग आमच्याकडे एआय एजंट आला. साध्या भाषेत काम सांगायचं आणि त्यानं ते करायचं. त्याला आपली नेटवर्क्स आपोआप दिसत नाहीत. ती बघायला एक टूल जोडून द्यावं लागतं. निवृत्तीला आलेल्या बाई आता नाक मुरडणार, अशी आमची खात्री होती. त्यांनी उलट खुर्ची पुढे ओढली. अट एकच घातली. "डोळे दे त्याला. हात नको देऊस. काढायचं-पाडायचं काम माणूस करेल."

"आपली सगळी नेटवर्क्स दाखव," असं त्यांनीच लिहिलं. एजंटनं टूलला विचारलं आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उतरू लागली. कुठलं कुठे आहे, कधी बांधलं, आत किती मशीन्स. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "इतकी वर्षं हे सगळं माझ्या डोक्यात होतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "आज पहिल्यांदा बाहेरून बघतेय." त्यांचे डोळे भरले होते. मी त्या यादीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

खाली एका जुन्या नेटवर्कपुढे एजंटनं लिहिलं होतं, 'हे रिकामं आहे. काढून टाकता येईल.' आमचे मॅनेजर साळवी खूश झाले. "चला, जुना पसारा गेला. निखिल, उडव आजच."

मी हो म्हणायच्या आत मॅडमची बोटं टेबलावर वाजली. टक टक. मग त्यांनी एजंटला लिहिलं, "रिकामं कशावरून?" त्यानं उत्तर दिलं की टूलच्या माहितीप्रमाणे आत एकही मशीन नाही. मॅडमनी लिहिलं, "राहत कोणी नसेल. यातून जातं-येतं कोण, ते बघ."

त्यानं पुन्हा टूल चालवलं. त्या नेटवर्कला दोन वाटा जोडलेल्या निघाल्या. एक एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीकडे जाणारी, दुसरी तिथल्याच ऑपरेशन थिएटरकडे. रक्त जुळल्याचा निरोप रोज या रिकाम्या खोलीतून जात होता. ते नेटवर्क पाडलं असतं, तर टेबलावरचा पेशंट रक्ताची वाट बघत राहिला असता. "राहू दे, निखिल," साळवी म्हणाले.

"आमच्या चाळीची गॅलरी," मॅडम म्हणाल्या. "तिच्यात कोणी राहत नाय. पण काढून बघ, एकाला घराबाहेर पडता येणार नाय."

एजंटला मात्र त्यांनी बोल लावला नाही. "तो खोटं नाय बोलला. त्याला दिसलं तेवढं त्यानं सांगितलं. फक्त, दिसलं नाय आणि नाय, यातला फरक त्याला कुणी शिकवला नव्हता." मग तो फरक त्यांनीच शिकवला. त्याच्या सूचनांमध्ये एक ओळ घातली, आणि आजही आमचा एजंट कुठल्याच नेटवर्कला रिकामं म्हणत नाही. 'मला आत कोणी दिसलं नाही,' असं लिहितो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची चौकशी करून येतो. एवढं अफाट यंत्र एका चाळीची रीत पाळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुढे त्यांची आई गेली आणि पाठोपाठ चाळही टॉवरसाठी रिकामी करायची ठरली. चावी द्यायच्या दुपारी शेवटचं सामान उचलायला मी गेलो होतो. खोलीत काही उरलं नव्हतं. भिंतीवर फक्त मांडणीचा पांढरा चौकोन आणि आईची कॉट टेकायची तिथला तेलकट डाग. आई शेवटी अंथरुणाला खिळली होती. मॅडम ऑफिसातून आल्या की दारावर टकटक करायच्या आणि ती आतून खोकून उत्तर द्यायची.

मॅडमनी दार ओढून घेतलं. कडीला हात घातला, काढला आणि टकटक केलं.

"आत कोण हाय का?"

खाली बिल्डरचा माणूस चावीसाठी उभा होता. मी हळूच म्हणालो, "मॅडम, कोणी नाही आत."

"दिसत नाय, असं म्हण," त्या म्हणाल्या.

कोणाला खोकायला लागेल तेवढा वेळ त्या थांबल्या. मग त्यांनी कडी लावली.