विहिरीचा कठडा

आमच्या गल्लीतले मास्तर जळगाव जामोदच्या शाळेत शास्त्र शिकवत. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि मास्तरही तिथूनच शिकून आलेले. चुकीचा शब्द त्यांना खपत नसे. कुणी तांब्याला गंज चढला म्हटलं, की बोट उभं करून सांगत, "गंज लोखंडाले लागते. तांब्यावर चढते तो कळंक."

आमच्याकडचं पाणी खारं. विहिरीचा लोखंडी कठडा लालभडक झाला, तेव्हा गल्लीतल्या बाया तो बदला म्हणू लागल्या. मास्तरांनी नखानं खरवडून पाहिलं आणि निकाल दिला, "वरवरचा गंज हाये. आतलं लोखंड शाबूत हाये." मग कुणी विषय काढला नाही.

त्याच पावसाळ्यात कठडा बुडातून मोडला आणि आमची शेजारीण काशीबाई विहिरीत पडली. ती वाचली, पण पाय कायमचा अधू झाला.

तेव्हापासून मास्तर रोज तिच्याकडे पाणी भरत. दारात घागर ठेवायची आणि खाली मान घालून परत फिरायचं. एकदा माझ्यासमोरच काशीबाईनं त्यांना थांबवलं.

"मास्तर, मी तुमाले काई म्हनलं का कधी? काऊन असं तोंड लपवता?"

मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"म्हना ना, बाई," ते म्हणाले. "काईतरी म्हनाच."