रहमत पेंटरचा एकच फसलेला बोर्ड

रहमत पेंटरला जळायला कारण लागत नाही. पांढरकवड्यात हायवेच्या अलीकडे, ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेमागे त्यांचं घर आहे, आणि त्या रांगेत कुणाचं काही चांगलं झालं की यांच्या पोटात आधी दुखतं. वणीकडच्या कुण्या पेंटरनं एका ट्रकवर जरा देखणा ‘म’ काढला, तर रहमतचाचा त्या ट्रकभोवती फिरून आले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. गावात फ्लेक्सची मशीन आली तेव्हा त्यांनी त्या दुकानाच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. आजही बाजाराला जायचं तर ते लांबचा फेरा घालतात. मी त्यांच्या नातीची शिक्षिका. शाळेत मला मॅडम म्हणतात, गावात विमलताई. चाचांबद्दल मला माया आहे, म्हणून त्यांची खोड आधीच सांगून टाकली.

हात मात्र सोन्याचा. त्यांनी रंगवलेली अक्षरं ट्रकांच्या पाठीवर बसून नागपूरला गेली, हैदराबादला गेली. आता काम उरलंय ते कुणाच्या फाटकावरचं नाव, एखादी शाळेची भिंत, एवढंच. मुलगा कलीम गॅरेजात इंजिनं खोलतो, सून अस्मा ब्लाऊज शिवते, घर चालतं. चाचांची बायको जोहराबी मुकुटबनची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण बोलणं असं अस्सल वऱ्हाडी की फोनवर तिला लोक तानाबाई नाहीतर शांताबाई समजतात. लग्न झालं तेव्हापासून जोहराबी दिसेल त्या बोर्डापुढे थांबते आणि नवऱ्याला विचारते, “काय लिवलं हाये जी?” एसटी स्टँड असो, दवाखाना असो, राशनचं दुकान असो, चाचा थांबून वाचून दाखवतात. त्यातले काही बोर्ड त्यांनीच रंगवलेले असायचे, तेव्हा आवाज अजून भारदस्त. जगातल्या सगळ्या गोष्टींत त्यांना कुणीतरी भागीदार निघाला, या एका गोष्टीत नव्हता.

नात एकच, उमेरा. तिला अक्षरं शिकवायची ती आपणच, असं चाचांनी ती बोलायला लागली तेव्हाच जाहीर केलं होतं. कलीमनं ब्रश धरला नाही याचं दुःख होतंच, ते या पोरीवर भरून काढायचं होतं. पहिलीत ती आली तेव्हा तिची पाटी मी माझ्या दुसरीच्या वर्गात नेऊन दाखवली. असा गोल ‘ब’ आणि असा रेखीव ‘क’ बाईंच्या हातूनही निघत नाही. दुसरीत ती माझ्याकडे आली आणि माझी फजिती सुरू झाली. पोरगी फळ्यावरचं सुंदर उतरवायची, पण वाच म्हटलं की गप्प. शुद्धलेखनाला बसवलं तर आधी विचारायची, “मॅडम, किती अक्षरं हायेत?” मला वाटलं पोरगी घाबरते. एक दिवस मी तिच्या बाजूला बसले आणि नुसता तिचा हात पाहत राहिले. ‘बदक’ लिहायचं होतं. तिनं पाटीच्या मधोमध ‘द’ काढला. मग डावीकडे ‘ब’. मग उजवीकडे ‘क’. वाच म्हटलं तर तिनं लिहिलं त्याच क्रमानं वाचलं, आणि त्या वाचण्यातून कुठलंही पाखरू उडेना.

संध्याकाळी मी घरी गेले. चाचांना विचारलं, तर त्यांची छाती फुगली.

“मॅडम, बोर्ड असाच लिवतेत. सुरूपासून लिवलं तर नाव एका बाजूले घसरते. मधचं अक्षर मधात बसवाचं, मंग दोन्हीकडं पसरवाचं. हे कोनी सांगत नाही, म्या तिले सांगतलं.”

म्हणजे पोरीला त्यांनी लिहायला शिकवलंच नव्हतं, बोर्ड रंगवायला शिकवलं होतं. तिच्यासाठी शब्दाला सुरुवात नव्हतीच, नुसता मध्य होता. मी त्यांना शक्य तितकं गोड बोलून समजावलं की आता काही दिवस तिचं अक्षर सुधारू नका. तिला रोज मोठ्यानं वाचू द्या, पहिल्या अक्षरावर बोट ठेवून, चुकत माकत. आणि ऐकायला असं माणूस बसवा की जे टोकणार नाही. हे ऐकून चाचांनी गळ्यातला रुमाल सरळ केला आणि मांडी घालून पुढे सरकले. मी म्हटलं, तुम्ही नाही चाचा, तुमच्यानं टोकल्याशिवाय राहवणार नाही. दादीला वाचून दाखवू दे.

जोहराबी चुलीपाशी तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली की मला तर ‘अ’सुद्धा कळत नाही. मी म्हटलं, म्हणूनच. चाचांचा चेहरा तेव्हा असा झाला, जणू त्यांच्या हातचं गिऱ्हाईक फ्लेक्सवाल्यानं पळवलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी दादीपाशी पुस्तक घेऊन बसायला लागली. जोहराबीचं कामही चालू आणि कानही चालू. उमेरा अडखळली की जोहराबी थांबायची, चुकली तर तिला कळायचंच नाही, आणि वाक्य संपलं की एवढंच विचारायची, “मंग?” गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडला तर जोहराबी खरोखर हळहळायची आणि पुढचं पान उलटायला लावायची. हे सगळं चाचा बाहेरच्या बाकड्यावर बसून ऐकायचे. रिकामा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून उगाच पुसत राहायचे. मग न राहवून बाहेरून आत, आतून बाहेर सुरू. पानात डोकवायचे आणि म्हणायचे, हा छापखान्यातला ‘ळ’ पाह्य कसा लुळा काढला. उमेरा पुस्तक मिटून टाकायची. चाचा बाहेर गेले की उघडायची.

मग त्यांनी आमिषं दाखवली. बाजारातून रंगीत खडू आणले, चित्रांचं पुस्तक आणलं, माझ्यापाशी बसून वाच म्हणाले. पोरगी बसली. दोन ओळी वाचल्या, तिसरीत त्यांनी ‘ष्ट’ कसा वळवायचा ते सांगायला खडू उचलला, आणि पोरगी खडू घेऊन दादीकडे गेली. त्या रात्रीची भाजी खारट असल्याचं चाचांनी जाहीर केलं. अस्मानं ती चाखून पाहिली होती, मीठ बरोबर होतं. अस्माच हे मला सांगायची, पोरीला शाळेत सोडायला यायची तेव्हा, ओढणीत हसू लपवून.

खरं सांगायचं तर मीही काही संत नाही. वर्गातलं पोर वाचायला लागलं की ते आपल्यामुळे, असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं. उमेरानं एक दिवस आख्खा धडा सरळ वाचला तेव्हा मी शाबासकी दिली आणि कुणी शिकवलं असं विचारलं. पोरगी म्हणाली, “दादीनं.” मला लागलंच थोडं. मग चाचांचं काय होत असेल, ते मला त्या क्षणी नीट कळलं.

दोनच दिवसांत चाचा शाळेच्या फाटकाशी उभे. आत आले नाहीत.

“मॅडम, तुमी माह्यं घर फोडलं,” ते म्हणाले. “जिले अक्षर कळत नाही ते मास्तरीन झाली. अन् ज्यानं आख्ख्या गावाचे बोर्ड लिवले त्याच्यापुढं पोट्टी पुस्तक मिटते. काहून? म्या तिचं काय वाईट केलं?”

मी हसण्यावारी नेलं. ते काही हसले नाहीत. त्यांचं खरं दुखणं मला पुढच्या आठवड्यात अस्माकडून कळलं. जोहराबीचे डोळे दाखवायला सगळे यवतमाळला गेले होते. दवाखान्याच्या दारात मोठा बोर्ड होता. जोहराबी सवयीनं थांबली. चाचांनी घसा साफ केला. आणि जोहराबीनं नातीचा हात हलवून तिला विचारलं, “काय लिवलं हाये वं?” उमेरानं एकेक अक्षर जोडत सगळा बोर्ड वाचला, कुठल्या वेळेला डॉक्टर बसतात तेही. जोहराबी कौतुकानं मान हलवत राहिली. चाचा तसेच बाजूला उभे. अस्मा म्हणाली, घरी येईपर्यंत अब्बा एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि रस्त्यावरचा एकही बोर्ड त्यांनी वाचला नाही.

नातीवरून ते बायकोवर जळत होते, हे मला माहीत होतं. आता बायकोवरून नातीवरही जळायला लागले होते. घरात कलीम-अस्मा सोडले तर जळायला दोनच माणसं होती, तीही झाली. माझ्या मनात आलं की ही गोष्ट मीच सुरू केली, तर निस्तरायलाही मलाच हवी.

शाळेत माता-पालकांची बैठक झाली तेव्हा मी जोहराबीला पुढे बसवलं होतं. चाचा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. बैठक संपल्यावर मी त्यांना आत बोलावलं आणि काम सांगितलं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात आम्ही मुलांना वाचायला जागा केली होती, तिथे एक बोर्ड हवा होता. फ्लेक्स नको, तुमच्या हातचा हवा. मजकूर दुसरीच्या मुलांनी ठरवला होता: ‘या, बसा, आम्हाला गोष्ट वाचून दाखवा’. चाचांनी बायकोकडे एक नजर टाकली आणि हो म्हणाले. शेवटी काम आपल्याच हाताचं पडलं, हे ती नजर बायकोला सांगत होती, ते सगळ्यांना कळलं.

शनिवारी सकाळी ते आले. भिंतीला टेकवलेला पत्रा आधीच निळा रंगवून वाळवला होता. खडू लावलेली दोरी ताणून त्यांनी सरळ रेघ उमटवली, बोटानं मापं घेतली, मधोमध खूण केली. सगळा वर्ग मागे फतकल मारून बसला. उमेरा पुढे, कारण तिचे दद्दा. चाचांनी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि मधल्या खुणेवर झोकात ‘गो’ काढला. मुलं ओरडली, “गो!” एक म्हणाला गोपाल, दुसरा म्हणाला गोबी. मग चाचा डावीकडे सरकले आणि ‘ला’ काढला. मुलं गोंधळली. कुणी ‘लागो’ म्हणालं, कुणी ‘गोला’. दोघातिघांचं लक्ष उडालं आणि ती मागच्या मागे खेळायला लागली. उमेरा पत्र्याच्या रिकाम्या डाव्या कडेकडे पाहत होती.

चाचांनी मागे वळून पाहिलं. “वाच ना,” ते म्हणाले. त्या आवाजात इतके महिने साचलेलं सगळं होतं.

“मधातून कसं वाचू दद्दा?” उमेरा म्हणाली. “सुरूपासून लिवा ना, मंग मी वाचतो.”

चाळीसेक वर्षं त्या माणसानं एकही बोर्ड डावीकडून सुरू केला नसेल. त्यांनी ब्रशकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. मग टर्पेंटाइनचा बोळा घेतला, ‘गो’ पुसला, ‘ला’ पुसला, आणि डाव्या कडेला जाऊन उकिडवे बसले. ‘या’ काढला.

“या,” उमेरा म्हणाली.

‘बसा’ काढला. पोरीनं वाचलं, तिच्या मागून सगळ्या वर्गानं वाचलं, खेळायला गेलेले परत येऊन बसले. चाचांचं अक्षर मोठं आणि मोकळं होतं, जसं नेहमी असतं. ‘आम्हाला’ झालं तेव्हाच मला दिसलं की जागा पुरणार नाही. मला दिसलं तर त्यांना किती आधी दिसलं असेल. थांबून पुसता आलं असतं, पुन्हा माप घेता आलं असतं. पण मागून पोरगी वाचत होती, अक्षर संपायच्या आत पुढचं ओळखत होती, आणि चाचांनी तिला टोकलं नाही, स्वतःलाही टोकलं नाही. ‘गोष्ट’मधला ‘ष्ट’ तर त्यांनी काहीही न शिकवता काढला. ‘वाचून’ जरा अंग चोरून बसला. ‘दाखवा’ला जागाच उरली नाही. त्यातला ‘वा’ पार कडेला चेपला गेला, काना तर पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर चढला. उमेरानं तोही वाचला. मग तिनं पहिल्यापासून सगळी ओळ एका दमात वाचली, दद्दांच्या तोंडाकडे पाहत.

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. गॅरेजवाल्यांनी येऊन बोर्ड पाहिला आणि पेंटरचा हात गेला म्हणून चेष्टा केली. फ्लेक्सवाला तर मुद्दाम मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन गेला. एरवी एवढ्यावर चाचा आठवडाभर जेवले नसते. मी म्हटलं, पाहिजे तर दुसरा पत्रा देते, पुन्हा करा. ते म्हणाले की नको, हा बसला तसाच राहू द्या.

सोमवारी जोहराबी उमेराला घ्यायला आली आणि बोर्डापुढे थांबली. पोरगी धावत गेली, दादीचा हात धरला, आणि वाचायला तोंड उघडलं. जोहराबीनं तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. चाचा मागे सायकल घेऊन उभे होते, तिकडे वळून तिनं विचारलं, “काय लिवलं हाये जी?”

तिला माहीत होतं. शनिवारपासून पोरीनं घरात ती ओळ किती वेळा म्हटली असेल. चाचांनाही हे कळत होतं.

“पोट्टीलेच विचार,” ते म्हणाले. “ते आता माह्यापेक्षा चांगलं वाचते.”

“वाचते ना,” जोहराबी म्हणाली. “पन मले तुमचं आइकाची सवय हाये.”

चाचांनी सायकल भिंतीला लावली. गळ्यातला रुमाल सरळ केला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि बायकोला तो बोर्ड सुरुवातीपासून वाचून दाखवला.