वीतभर समुद्राकडे

आमचं बास्केटबॉलचं मैदान समुद्राला इतकं लागून होतं, की चेंडूलाही खारट वास यायचा. दोनांतली एकच रिंग धड होती आणि तिच्याकडे तोंड केलं की समुद्र डाव्या अंगाला. मी गार्ड. चेंडू कुणी, कुठून, कधी टाकायचा हे माझ्यावर, असं म्हणायचं एवढंच. खरं ठरवायचा वारा. सकाळी तो झोपलेला असे, तेव्हा मी लांबून बिनधास्त थ्री पॉइंटर मारायचे. दुपार कलली की आत घुसायचं, बोर्डाला लावून टाकायचं. लांबून टाकायचाच झाला तर रिंगच्या वीतभर समुद्राकडे. मग वारा चेंडूला हळूच आणून जाळीत सोडायचा. ते बघताना मलाच वजन नाही असं वाटायचं.

बाबा किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे. खेळाचे नियम त्यांना कधीच कळले नाहीत, पण वारा कळायचा. जाळं टाकण्याआधी ते खांद्यावरचा पंचा वर धरून बघत.

बारावीला विभागाच्या संघाची निवड घाटावर, एका बंद हॉलमध्ये होती. निवड झाली नाही तर खेळ बंद आणि मामाकडे देवगडला आंब्याच्या पेट्या भरायच्या, असं आईनं बजावलं होतं. बाबा सोबत आले आणि मांडीवर डब्याची पिशवी घेऊन गॅलरीत बसले.

निवडीच्या सामन्यात मी लांबून पाच शॉट मारले. पाचही रिंगच्या डावीकडून गेले. वर लख्ख दिवे, खाली चकचकीत फरशी, आणि मी स्वप्नात पळावं तशी जागच्या जागी. मध्यंतरात बाबा खाली आले.

"गो बाय, हंय वारो खंय आसा? मगे दर्याकडे कित्याक टाकतंस?"

दर्या घाटाखाली राहिला होता आणि मी शहाणी त्याच्यासाठी वीतभर जागा सोडत होते.

पण जित्याची खोड. हात ऐकेना, म्हणून मी नंतर फक्त आत घुसूनच खेळले. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो, चेंडू माझ्या हातात आणि समोर कुणी नाही. आत गेले तर बरोबरी, लांबून लागला तर जिंकू. मी गॅलरीकडे पाहिलं. बाबा पंचा वर धरून उभे होते. तो सरळ खाली लोंबत होता.

मी सरळ टाकला. जाळी तेवढी हलली.

निवड झाली. दोन महिने हॉलमध्येच सराव करून मी घरी आले आणि संध्याकाळी बाबांना घेऊन जुन्या मैदानावर गेले. पहिला शॉट चुकला, दुसरा चुकला, तिसरा पार माडांत गेला. वारा तोच होता, हात माझा राहिला नव्हता. हवं ते मिळालं होतं, तरी मला रडू फुटलं.

बाबा उठले आणि त्यांनी पंचा वर धरला. तो फडफडत होता.