आत्यांच्या हातातला नारळ

हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही. लेकीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या आत्यांना कधी पाहिलं नाही — आणि त्यांना न पाहता त्यांच्यावर दात खाणारी माणसं मी एके काळी साता समुद्रापार तयार केली होती. आता निदान एका माणसाला तरी खरं कळू दे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या नेवाशात सासूला आत्याच म्हणतात. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. हे विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचे. पगार व्हायचा, नाही असं नाही, पण कधी होईल ते हेडमास्तरांनाही ठाऊक नसायचं. घरात दुसरा पैसा यायला हवा होता, आणि मला येत काय होतं? लिहिणं. राहात्याला माहेरी असल्यापासूनची खोड ती.

अशात यांच्या एका मित्राने बातमी आणली — अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी वेबसाइट काढलीय, त्यांना गावाकडचं लिहिणारी बाई हवीय. दर आठवड्याला एक लेख. पैसे संपादकांचा पुण्यातला भाऊ धाडणार. वेबसाइट म्हणजे काय, देव जाणे! मी घरी कागदावर लिहायची, कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन टाइप करायची, आणि हे शनिवारी फ्लॉपी खिशात घालून एसटीने नगर गाठायचे. तिथल्या सायबर कॅफेतून माझा लेख अमेरिकेला रवाना. त्यात काय लिहिलंय ते यांनी कधी उघडून पाहिलं नाही. माझ्यावर इतका विश्वास.

आणि आत्या? मी कागद घेऊन बसले की मला चुलीकडे फिरकू द्यायच्या नाहीत. "तू लिव्ह गं, भाकरी मी बघते." लेकीला कडेवर घेऊन गल्लीत हिंडायच्या आणि भेटेल तिला सांगायच्या, "आमची सून अमेरिकेला लिव्हती." स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तोरा असा की जणू त्याच लिहितायत.

पहिला लेख मी त्यांच्यावरच लिहिला. खरा. संपादकांचं उत्तर आलं — छान आहे, पण फार गोड आहे. आमच्या वाचकांना गावाकडची खरीखुरी सासू वाचायला आवडेल. खरीखुरी! माझी काय खोटी होती? पण असं उलट विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते काम मला हवं होतं.

मग मी सासू रचली. गूळ कुलपात ठेवणारी, सुनेला शिळं वाढणारी, माहेरचं पत्र चुलीत घालणारी. आणि तिला आत्यांचं नाक दिलं, आत्यांचं लुगडं दिलं, आत्यांचं बोलणं दिलं — उगाच नवं कशाला शोधायचं? ते गुळाचं कुलूप लिहीत होते ना, तेव्हा आत्यांनी माझ्यासमोर वाटी सरकवली होती. शेंगदाणे आणि गूळ. मी तो खात खात पुढचं वाक्य लिहिलं. लेख खूप गाजले म्हणे. पैसे वेळेवर येऊ लागले. वाण्याकडची उधारी मिटली, आम्ही सगळेच जरा मोकळा श्वास घेऊ लागलो.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे. मी उगाच आढेवेढे घेतेय, कळतंय मला.

लेख सुरू व्हायच्या कितीतरी आधी मामंजी गेले, तेव्हापासून आत्या हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. मला ते बघवेना. एका संक्रांतीला मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि म्हटलं, सगळ्यांना कुंकू तुम्ही लावायचं, ओट्या तुम्ही भरायच्या. पहिल्या वर्षी त्या प्रत्येकीला आधी विचारत होत्या, लावू ना? बायका कुजबुजल्या. पुढे गल्लीला सवय झाली, आणि आत्यांना तर असा हुरूप आला की पहिल्यांदा घरी आलेल्या कुणाही बाईला त्या ओटी भरल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आयुष्यात मी काही चांगलं केलं असेल तर ते हे.

लेख गाजत होते तेव्हाच्या एका डिसेंबरात एक बाई दारात उभ्या राहिल्या. अमेरिकेहून आलेल्या, माझ्या वाचक. शिर्डीला दर्शनाला आल्या होत्या, संपादकांकडून पत्ता घेऊन वाकडी वाट करून मला भेटायला आल्या. माझ्यासाठी साडी आणलेली. मला मिठी मारून रडल्या. आत्यांकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही. आत्यांनी केलेला चहा तसाच निवला. हे शाळेत होते.

आत्या लगबगीने ताट घेऊन आल्या. तांदूळ, खण, नारळ. बाई झटकन मागे सरल्या. "तुमच्या हातून नको," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "तू भर गं."

मी भरली. आत्यांच्या हातातून तोच नारळ घेऊन भरली.

बाई गेल्यावर आत्या उंबऱ्याशी बसल्या. मग म्हणाल्या, "तिचं बरुबर हाय बाई. एवढी शिकल्याली, अमेरिकेत ऱ्हाती, तिला बी विधवेचा हात चालत न्हाई. आपनच उगा हट धरला हुता."

मला एवढंच म्हणायचं होतं — आत्या, तसं नाही, तुमच्या वैधव्याचा इथे काही संबंध नाही, मी तुमच्याबद्दल घाणेरडं लिहिलंय म्हणून ती तशी वागली. सांगितलं असतं तर त्या माझ्यावर चिडल्या असत्या, रडल्या असत्या, आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा बाहेर बसल्या असत्या. हे तेव्हाही मला कळत होतं. तरी मी कपबशा उचलल्या आणि विसळायला बसले.

त्या संक्रांतीला आत्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. मी ओढायला गेले तर हसून म्हणाल्या, "पुरं आता." मी पुढेही लिहीत राहिले, ती वेबसाइट बंद पडेपर्यंत.

आत्या आता नाहीत. जायच्या आधी त्यांनी नातीचं लग्न पाहिलं. सासरी निघताना लेक हटून बसली — ओटी आजीच भरणार. आत्यांनी तिच्यावरून बोटं मोडली, कनवटीला गुंडाळलेली नोट तिच्या मुठीत कोंबली, आणि नारळ माझ्या हातात दिला. "तुझी आय भरंल. तिचा हात लई चांगला हाय."

मी भरली.